परतीची वाट राखून

मोटारसायकलीचा पुढचा फोर्क म्हणजे पाहणाऱ्याच्या लेखी चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा एक सांगाडा, एवढेच असते; परंतु ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे यंत्रांच्या संगतीत घालविली आहेत, त्याला हे पुरते ठाऊक असते की रस्ता, वाहन आणि स्वार या तिघांमधला सारा व्यवहार या एकाच अवयवाच्या मध्यस्थीने चालतो. इंजिन थकले तर गाडी मंदावते, दिवा गेला तर मुक्काम करावा लागतो. पण फोर्काने दगा दिला तर स्वाराला सावरायला क्षणाचीही सवड मिळत नाही. म्हणूनच एखाद्या जुन्या गाडीचा मूळचा फोर्क उतरवून तिथे दुसऱ्या घराण्याचा फोर्क चढविण्याचे काम जेव्हा माझ्याकडे आले, तेव्हा पाना हातात घेण्यापूर्वी पुष्कळ दिवस मी वही आणि पेन्सिलच हातात धरली होती.

माझे उचगाव हे बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ले रस्त्याच्या अंगाने वसलेले, मार्कंडेय नदीकाठच्या भातशेतीचे आणि मळेकरणी देवीचे गाव. देवीच्या वारी इथे इतकी वर्दळ असते की माझ्या वर्कशॉपच्या दारातून रस्ता ओलांडणे कठीण व्हावे. बेळगावच्या उद्यमबागेत, ओतशाळांच्या आणि लेथच्या गजबजाटात, टर्नर म्हणून नोकरीची वर्षे पूर्ण केल्यावर मी गावातच एक लेथ, एक ड्रिल आणि एक जुनी सरफेस प्लेट एवढ्या सामग्रीवर हे छोटे वर्कशॉप मांडले. पंपांच्या दांड्या, ट्रॅक्टरचे बुश, उसाच्या चरकाचे दाते असली कामे तिथे बारमाही चालतात. शेजारच्या आळीतील आबांनी आपल्या वडिलांची बीएसए बैलगाडीत घालून माझ्या दारी आणली, ती याच कामांच्या मध्ये.

गाडी होती बीएसए एम 20. बर्मिंगहॅमच्या बंदूक तयार करणाऱ्या मंडळींनी 1861 साली स्थापन केलेल्या या कंपनीने पुढे मोटारसायकली काढल्या, आणि व्हॅल पेज या अभियंत्याने आखलेली 'एम' मालिका 1937 साली बाजारात आली. तिच्यातील हे 496 सीसीचे, साइड व्हॉल्व्हचे इंजिन. सिलिंडरचा व्यास 82 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 94 मिलिमीटर. चपळाईत ते कोणाच्या पुढे जाणारे नव्हे, परंतु वाळू, चिखल, दगड यांतून बिनतक्रार वाट काढणारे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांना अशा सुमारे 1,26,000 गाड्या पुरविल्या गेल्या, आणि युद्ध संपल्यावर फौजेचे जादा सामान लिलावात निघाले तेव्हा त्यांपैकी कित्येक हिंदुस्थानातील शेतकऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या आणि डॉक्टरांच्या दारी आल्या. आबांच्या वडिलांनी ती अशाच लिलावातून हात बदलत आलेली, बेळगावच्या कँपातील एका गृहस्थाकडून घेतली होती. तिच्या दस्तऐवजांचे जे जीर्ण पुडके आबांनी कापडात बांधून जपले होते, त्यात पहिला शिक्का मुंबई राज्याचा, 1 नोव्हेंबर 1956 नंतरचा म्हैसूर राज्याचा आणि 1973 नंतरचा कर्नाटकाचा. गाडी एकाच आळीत उभी राहिली. सरकारे तेवढी तिच्यावरून बदलत गेली.

या गाडीचा मूळचा फोर्क गर्डर जातीचा. त्याची रचना आजच्या तरुण मेकॅनिकांपैकी पुष्कळांनी उघडून पाहिलेली नसते, म्हणून थोडी सांगतो. चाकाच्या दोन्ही अंगांनी वर गेलेल्या नळ्यांचा एक ताठ चौकट-सांगाडा असतो. तो वर आणि खाली अशा आडव्या दुव्यांच्या जोड्यांनी, फ्रेमच्या पुढच्या टोकाच्या नळीतल्या, म्हणजे हेडपाइपातल्या, दांड्याशी जोडलेला असतो. आणि मधोमध एकच जाड स्प्रिंग सारा भार पेलते. चाकाला धक्का बसला की सांगाडा आख्खाच्या आख्खा, दुव्यांवर झुलत, वर उचलला जातो. तेलाचा दाब, सील, पिचकारी यांपैकी काही नाही. उसळी आवरण्यासाठी घर्षणाच्या चकत्या, आणि त्या आवळण्यासाठी हाताने फिरवायची मूठ. या साधेपणात मोठे सामर्थ्य आहे. पण दुव्यांच्या प्रत्येक पिनेला वेळच्या वेळी ग्रीस मिळाले तरच ते टिकते. न मिळाले तर पिना आणि बुश एकमेकांना खात जातात, आणि पुढचे चाक सरळ रस्त्यावरही आपल्या मर्जीने डावी-उजवीकडे डोकावू लागते.

मी पिना काढल्या तेव्हा बुशांची भोके लंबवर्तुळ झालेली दिसली. तेवढेच असते तर नवे बुश आणि नव्या पिना कातून काम संपले असते. परंतु डाव्या नळीच्या मुळाशी, जिथे ती घडीव बेचक्यात ब्रेझिंग करून बसविलेली असते, तिथे रंगाची एक पापडी उचललेली दिसली आणि मन साशंक झाले. ओतशाळेत शिकलेली जुनी परीक्षा मी तिथे लावली. रंग खरवडून धातू उघडा केला, त्यावर रॉकेल चोपडून काही वेळ मुरू दिले, मग कोरड्या फडक्याने ते अगदी निपटून पुसले आणि वरून खडूची पूड पातळ थरात फासली. भेग नसती तर खडू पांढराच राहिला असता. पण हळूहळू, नळीच्या गोलाईच्या तिसऱ्या हिश्शाला वळसा घालून, केसाएवढी काळसर ओली रेघ त्या पांढरेपणातून वर आली. भेगेत दडून राहिलेले रॉकेल खडूने बाहेर शोषून घेतले होते. मी आबांना बोलावून ती रेघ दाखविली. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या बाबांची गाडी हाय ती, पोरा. शिनोळीपर्यंत तरी एकदा जाऊन यावं असं मनात हाय. चालती कर, पण तिला कुठं कापू नको बघ."

पुढचे सारे काम या शब्दांच्या मर्यादेत बसवायचे होते. गर्डरची ती नळी बदलणे अशक्य नव्हते. परंतु नळीची जात, तिचा निमुळतेपणा, ब्रेझिंग करताना चौकट वाकू नये म्हणून लागणारा साचा, हे सारे नीट जमवायचे तर दीर्घ काळ हवा, आणि आबांच्या वयाला तो काळ मागणे मला प्रशस्त वाटेना. भेगेवर वेल्डिंगचा थर चढवून देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. तो मी मनातही आणला नाही, कारण अशा जागी थराच्या कडेलाच पुढची भेग जन्म घेते. तेव्हा गर्डर बाजूला ठेवून, सध्यापुरता टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारा, फोर्क बसवावा, असे ठरले.

या निर्णयाला इतिहासाचाही आधार होता. बीएमडब्ल्यूने 1935 साली तेलाच्या दाबाने उसळी आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क गाड्यांना दिला. युद्धाच्या धामधुमीत, 1941 साली, मॅचलेसने तो आपल्या फौजी गाडीवर चढविला. आणि खुद्द बीएसएनेही 1948 पासून एम 20 ला गर्डर सोडून टेलिस्कोपिक फोर्क दिला. जी सुधारणा कारखान्यानेच मान्य केली, तिच्या दिशेने जाण्यात या गाडीचा अवमान होत नव्हता. बीएसएचा तो फोर्क आमच्या भागात मिळणे दुरापास्त. परंतु बुलेटचा फोर्क, 1955 साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया स्थापन झाल्यापासून, या देशात मुबलक. बुलेटचे पुढचे चाकही एम 20 प्रमाणे 19 इंची, दोन्ही गाड्यांची वजनेही फारशी दूर नाहीत. म्हणजे स्प्रिंगा, चाक आणि ब्रेक ही सारी मंडळी एकाच घरातून आणता येत होती.

अडचण होती ती मध्यभागी. फोर्काचे दोन पाय ज्या आडव्या खोबणीत आवळले जातात आणि जिच्यातून हेडपाइपात शिरणारा दांडा वर येतो, तिला आमच्या धंद्यात 'टी' म्हणतात. बुलेटचा टी बुलेटच्या हेडपाइपासाठी केलेला. बीएसएच्या हेडपाइपाची उंची निराळी, त्याच्या बेअरिंगच्या वाट्या निराळ्या. माझ्या हाताखाली काम शिकणारा मुलगा सरळपणे म्हणाला, "दादा, हेडपाइप खालून थोडा घासला आणि वाट्या बदलल्या तर तयार टी बसतोय की." त्याच्या म्हणण्यात तांत्रिक खोट नव्हती, गावोगावच्या गॅरेजांतून असेच केले जाते, आणि गाडी चालतेही. मी त्याला म्हटले, "बसेल, पण मग गर्डर पुन्हा कधी बसणार नाही. फोर्क बदलता येतो. फ्रेमवरचं घासलेलं लोखंड परत आणता येत नाही. आपण पाव्हण्याला घराच्या मापाचा करू, घराला पाव्हण्याच्या मापाचं नाही." जे काही जुळवून घ्यायचे ते नव्या भागानेच घ्यावे, जुन्या अंगाला कानसही लागू नये, हा त्या कामाचा नियम ठरला. त्या नियमाने खर्च वाढला, वेळ वाढला; पण प्रत्येक पुढच्या प्रश्नाचे उत्तरही त्यानेच दिले.

टी नवाच करायचा म्हटल्यावर एक स्वातंत्र्य आपोआप हाती आले, आणि त्याबरोबर एक मोठी जबाबदारीही. स्टिअरिंगचा अक्ष मागे कललेला असतो. तो कल्पनेने खाली वाढविला तर तो जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या थोडा पुढे लागतो. या दोन बिंदूंमधील अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी आपोआप सरळ चालते ती या अंतरामुळे: चाक, ओढल्या जाणाऱ्या वस्तूप्रमाणे, नेहमी अक्षाच्या मागोमाग येत राहते. ट्रेल फार कमी झाला तर हँडल हलके आणि चंचल होते, वेगात थरथरू लागते. फार वाढला तर वळणावर गाडी ओढून न्यावी लागते. पायांच्या नळ्या अक्षाच्या जितक्या पुढे सरकवाव्या तितका ट्रेल घटतो, आणि हे घटणे सरकवल्याहून किंचित अधिकच असते; फोर्क लांब पडला तर गाडीचे नाक उंचावते, अक्ष अधिक कलतो आणि ट्रेल वाढतो. म्हणजे टीवरचे एक माप आणि फोर्काची लांबी, या दोघांच्या जुळणीवर साऱ्या गाडीचा स्वभाव अवलंबून.

म्हणून पिना पुन्हा घालून, गर्डर उतरविण्यापूर्वीच मी गाडीला पाटावर सरळ उभे केले, आबांना सीटवर बसविले, म्हणजे स्प्रिंग नेहमीच्या भाराने दबावी, आणि मापे घेतली. आसाच्या मध्यातून ओळंबा सोडून चाकाच्या टेकण्याची खूण जमिनीवर केली. हेडपाइपाच्या अक्षाला समांतर सरळ पट्टी धरून तिची रेषा जमिनीवर उतरविली. दोन्हींतले अंतर वहीत नोंदविले. खालच्या वाटीपासून आसापर्यंतची उंचीही घेतली. हीच दोन मापे नव्या फोर्काने राखायची होती. मागे या गाडीला स्प्रिंग नाही, फ्रेमच मागच्या चाकाला घट्ट धरते; तेव्हा पुढचा भाग एकदम मऊ आणि उंच केला तर खड्ड्यावर गाडी पुढेमागे डोलू लागते, हेही ध्यानात ठेवावे लागले. टेलिस्कोपिक फोर्काची धाव गर्डरहून पुष्कळ मोठी, आणि ब्रेक दाबला की तो खाली बसतो. यासाठी स्प्रिंगवर सुरुवातीचा ताण किती द्यायचा हे आबांच्या वजनावरून ठरविले आणि त्यासाठी लहान नळीचे तुकडे कातून ठेवले.

टी मी ईएन 24 पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून काढला. वरची प्लेट त्याच पोलादाची, सहा सूत जाडीची. हेडपाइपातला दांडा आणि टी यांच्या सांध्यावर वेल्डिंग नको, म्हणून टी तापवून, दांडा थंड ठेवून, आवळ मापात बसविला आणि खालून खांदा ठेवला, की जेणेकरून रस्त्याचा भार त्या खांद्यावरच यावा. उद्यमबागेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या मिलिंग मशीनवर दोन्ही प्लेटांची भोके एकत्र आवळून एकाच बैठकीत पाडली. निरनिराळी पाडली असती तर मापात कितीही काळजी घेतली तरी दोन्ही पाय अगदी समांतर राहतील याची शाश्वती देता आली नसती. हँडल दोन्ही अंगांना वळविल्यावर टाकीला लागू नये म्हणून फ्रेमवर जे मूळचे अडसर होते, त्यांना जाऊन टेकतील असे कानही त्याच टीवर राखले. फ्रेमवर त्यासाठी नवा काहीही डाग द्यावा लागला नाही, ही गोष्ट मला त्या वेळी मनापासून सुखावून गेली.

फोर्काचे पाइप जुने होते, पण व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून फिरविले तेव्हा सरळ निघाले. बॉटममधले, म्हणजे पायांच्या खालच्या सरकत्या भागातले, बुश आणि सील बदलले. मग जुळणी करताना पाइप टीमध्ये सैल आवळून त्यांच्यावर आडवी जाड काच ठेवली. काचेचे चारही कोपरे एकाच वेळी टेकले तरच दोन्ही पाइप एका पातळीत आहेत असे समजावे. एक कोपरा जरी किंचित डगडगला तरी कुठेतरी पीळ आहे. पहिल्यांदा काच डगडगली. पाइप थोडे फिरवून, बोल्ट सैल करून पुन्हा आवळल्यावर ती स्थिर झाली. चाक चढवल्यावर आधी आस पक्का केला, मग बॉटमच्या टोप्या सैलच ठेवून गाडीचे नाक दोन-चारदा दाबून सोडले, म्हणजे दोन्ही पाय आपापली स्वाभाविक जागा घेतील, आणि नंतर टोप्या आवळल्या. जोताला जुंपलेल्या बैलांपैकी एकानेच ओढ घेतली तर जसे तास वाकडे जाते, तसेच एका पायाने अधिक भार घेतला तर फोर्क चिकटू लागतो. म्हणून तेलही दोन्ही पायांत मापाने सारखे भरले.

सर्वांत अधिक वेळ मी हेडपाइपाच्या बॉलरेसरला दिला. ग्रीसमध्ये रुतवून गोळ्या वाटीत एकेक बसविल्या, वरचा नट हाताने आणला, मग पाना लावून थोडा थोडा आवळत गेलो. पुढचे चाक जमिनीवरून उचलून हँडल मध्यावरून सोडले तर ते आपल्या वजनाने, न अडता, दोन्ही बाजूंना सावकाश पडले पाहिजे. आणि बॉटम हातांत धरून पुढेमागे हलविला तर खटका जाणवता कामा नये. या दोन अटींच्या मध्ये नटाच्या फिरण्याची फार थोडी जागा असते. ती जागा पुस्तकातल्या आकड्याने सापडत नाही. हाताला सापडते, आणि एकदा सापडली की हात ती विसरत नाही. माझ्या शिकाऊ मुलाला मी तो नट पुन्हा पुन्हा सैल करून आवळायला लावले, कारण ही विद्या सांगून देता येत नाही.

गाडी चालू झाली तेव्हा भाताची कापणी उरकली होती. मी प्रथम गावाबाहेरच्या रस्त्यावर सावकाश फेऱ्या घेतल्या; हात हलके ठेवून, हँडल स्वतःहून सरळ राहते का हे पाहिले; ब्रेक दाबून नाक किती बसते ते पाहिले; आणि परतल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला, कारण नव्या जुळणीत पहिल्या काही मैलांत सारे अवयव आपापल्या जागी बसतात आणि आवळलेले बोल्टही सैलावतात. पुढे तुरमुरी, बाची करीत शिनोळीपर्यंत गेलो. रस्त्यावरचे डांबराचे ठिगळ, नाल्यावरचा उंचवटा, यांवरून गाडी जाताना हँडलात जो मृदू, पण स्पष्ट निरोप येत होता, त्यावरून ट्रेल राखला गेल्याची मला खात्री पटली. त्यानंतरच आबांना गाडी दिली. ते शिनोळीला जाऊन आले, आणि येताना थोडा वेळ माझ्या दारात इंजिन चालू ठेवूनच उभे राहिले. "बाबा बसत तसंच बसल्यागत वाटलं," एवढेच म्हणाले.

गर्डर आता माझ्या वर्कशॉपच्या माळ्यावर, तेल चोपडून, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला आहे. त्याच्या प्रत्येक पिनेला, दुव्याला, चकतीला चिठ्ठी बांधली आहे. नळीसाठी साचा तयार होतो आहे. आबांच्या दस्तऐवजांच्या पुडक्यात मी एक कागद घातला: कोणता भाग उतरविला, कोणता चढविला, कोणत्या मापांनी, आणि मूळचा भाग कुठे आहे. हे केवळ टापटिपीसाठी नव्हे. वाहनाच्या नोंदणीतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 मनाई करते. आणि केंद्र शासनाने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जे स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, ही अट आहे. आबांच्या नातवाला उद्या तशी नोंदणी करावीशी वाटली, तर एका दिवसाच्या कामाने गाडी तिच्या मूळ रूपात परत आणता आली पाहिजे. फ्रेमवर कानस चालविली असती तर ती वाट कायमची बंद झाली असती.

या भागात आज जुन्या गाड्यांची हौस वाढते आहे, आणि तिचे मला मनापासून समाधान वाटते. बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांनी आणि लेथवाल्यांनी घडविलेले हात या पट्ट्यात पुष्कळ आहेत. पोलादाच्या ठोकळ्यातून हवा तो भाग काढण्याची कुवत आपल्याकडे आहे. पण याच कुवतीमुळे काहीही कापून, काहीही जोडून देण्याचा मोह होतो, आणि दरवर्षी कितीतरी जुन्या फ्रेमी अशा सोयीखातर कायमच्या बिघडतात. माझे तरुण कारागिरांना सांगणे एवढेच आहे की, जुने यंत्र आपल्यापर्यंत पोहोचले ते पूर्वीच्या प्रत्येक हाताने पुढच्या हातासाठी काहीतरी शिल्लक ठेवले म्हणून. दुसऱ्या घराण्याचा भाग बसवायला हरकत नाही. तो भक्कम बसवावा, मापाने बसवावा, आणि जेव्हा कोणी मूळचा भाग घेऊन येईल तेव्हा तो पाना लावून उतरविता यावा, असा बसवावा. माझा शिकाऊ मुलगा सध्या त्या गर्डरची नळी बसविण्याचा साचा घासतो आहे. ब्रेझिंग आम्ही दोघे मिळून करू, आणि ते खडूच्या परीक्षेला उतरले, तर आबांना विचारून गर्डर पुन्हा गाडीवर चढवू. बुलेटचा फोर्क तेव्हा चिठ्ठ्या बांधून माळ्यावर जाईल.